फराटा कुठून येतो?

नवा गेमिंग मॉनिटर घेतलेल्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, खोक्यावर '१ मिलिसेकंद' असं ठळक छापलंय, ग्राफिक्स कार्डही चांगलं आहे. तरी गेममध्ये झपकन वळलं की समोरची भिंत, खिडकी, शत्रूचा चेहरा, सगळ्याचा फराटा का होतो?"

विकणारा यावर एकच उत्तर देतो: आणखी जास्त हर्ट्झचा घ्या. हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. हलत्या चित्राचा धूसरपणा दोन वेगळ्या कारणांनी येतो. एक कारण पडद्याच्या आत आहे. दुसरं पडदा आणि तुमचा डोळा यांच्यामध्ये आहे, आणि आजच्या चांगल्या मॉनिटरवर बहुतेक वेळा तेच मोठं असतं. ही दोन कारणं वेगळी ओळखता आली की कुठलं बटण दाबायचं आणि कशावर पैसे घालायचे, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.

१. पडद्यावर काहीच सरकत नाही

आधी हर्ट्झ म्हणजे काय ते पाहू. मॉनिटर एका सेकंदात जितक्या वेळा चित्र बदलू शकतो, तो त्याचा रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. सेकंदात १००० मिलिसेकंद असतात, म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ हर्ट्झवर हा वाटा ६.९ मिलिसेकंद होतो आणि २४० हर्ट्झवर ४.२.

ही चित्रं, म्हणजे फ्रेम, तयार करण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचं. ती दाखवणं मॉनिटरचं. कार्ड सेकंदाला ७० फ्रेमच बनवत असेल, तर २४० हर्ट्झच्या मॉनिटरवरही नवी चित्रं सेकंदाला ७०च येणार. उरलेल्या वेळी जुनंच चित्र पुन्हा दिसतं.

आता महत्त्वाची गोष्ट. एलसीडी आणि ओएलईडी या दोन्ही प्रकारांचे मॉनिटर एक चित्र लावतात आणि पुढचं येईपर्यंत तेच तसंच उजळ ठेवतात. गेममधला धावणारा सैनिक आपल्याला सलग पळताना दिसतो, पण पडद्यावर तो एका जागी उभा राहतो, मग एकदम पुढच्या जागी जातो, तिथे उभा राहतो. हालचाल पडद्यावर नसतेच, ती आपला मेंदू जोडून घेतो.

२. डोळा मात्र सरकत राहतो

सरकणाऱ्या वस्तूकडे पाहताना आपले डोळे तिच्या वेगाने, सलग फिरतात. डोळ्यांची ही उपजत सवय आहे. हवेत उडालेल्या चेंडूवर नजर टिकते ती हिच्यामुळेच. पण पडद्यावरची वस्तू सलग सरकत नाही. ती १६.७ मिलिसेकंद एका जागी थांबलेली असते आणि तेवढ्या वेळात डोळा पुढे गेलेला असतो. मग त्या थांबलेल्या चित्राची प्रतिमा डोळ्यातल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, घसरत जाते आणि तिचा फराटा उमटतो.

पोस्टातला रबरी शिक्का डोळ्यांसमोर आणा. खालचा कागद कुणीतरी एकसारखा ओढतो आहे आणि तुम्ही त्यावर शिक्का मारता आहात. शिक्का टेकवून तसाच धरून ठेवला तर अक्षरं फरफटतात. टेकवून लगेच उचलला तर स्वच्छ उमटतात. सरकणारा कागद म्हणजे आपला डोळा आणि शिक्का म्हणजे पडद्यावरची फ्रेम. शाई किती चांगली, रबर किती कोरीव, याने फरक पडत नाही. शिक्का कागदाला किती वेळ टेकलेला होता, यावर सगळं ठरतं.

याचा पडताळा घरीच घेता येतो. वृत्तवाहिनीवर खाली सरकणारी बातम्यांची पट्टी वाचताना अक्षरांच्या कडा मऊ दिसतात आणि अनुस्वाराचे ठिपके, रफार, वेलांट्या आधी विरघळतात. त्याच पट्टीचा फोनने, हात स्थिर ठेवून आणि भरपूर उजेडात, फोटो काढा. अक्षरं बरीच रेखीव येतात. कॅमेरा थांबलेला होता, तुमचा डोळा सरकत होता, एवढाच फरक. म्हणूनच मॉनिटरची चाचणी करणारे लोक कॅमेरा रुळावर बसवून तो हलत्या वस्तूच्याच वेगाने सरकवतात. तेव्हा कुठे डोळ्याला दिसणारा फराटा फोटोत पकडता येतो.

३. फराटा किती लांब? एक सोपं गणित

हे गणित तोंडी करता येतं. वस्तू सेकंदाला जितके पिक्सेल सरकते, त्याला फ्रेम उजळ राहण्याच्या मिलिसेकंदांनी गुणा आणि १००० ने भागा. आलेलं उत्तर म्हणजे फराट्याची लांबी, पिक्सेलमध्ये.

समजा पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे आणि शत्रू दोन सेकंदांत तो ओलांडतो. म्हणजे वेग सेकंदाला ९६० पिक्सेल. कार्ड प्रत्येक वेळी नवी फ्रेम देतं आहे असं धरू.

६० हर्ट्झवर फराटा १६ पिक्सेलचा.
१२० हर्ट्झवर ८ पिक्सेलचा.
२४० हर्ट्झवर ४ पिक्सेलचा.
४८० हर्ट्झवर २ पिक्सेलचा.

लांबवरच्या शत्रूचं डोकं पडद्यावर जेमतेम दहा-बारा पिक्सेलचं असतं. १६ पिक्सेलच्या फराट्यात ते डोकं आणि मागची भिंत एकमेकांत मिसळून जातात. ४ पिक्सेलच्या फराट्यात ते वेगळं ओळखू येतं. खेळातला फायदा इथे आहे.

आकड्यांचा उतारही नीट पाहा. ६० वरून १२० वर गेल्याने ८ पिक्सेल वाचले. २४० वरून ४८० वर गेल्याने फक्त २ वाचले, आणि किंमत मात्र मोठी मोजावी लागली. हर्ट्झ दुप्पट केले की फराटा निम्मा होतो, पण निम्मा कशाचा होतो आहे तेही पाहायला हवं. म्हणून ६० हर्ट्झवरून १४४ वर आलेल्याला फरक पहिल्याच मिनिटाला जाणवतो आणि २४० वरून ३६० वर गेलेल्याला तो शोधावा लागतो.

४. पिक्सेलची चाल आणि खोक्यावरचा '१ मिलिसेकंद'

आता उरलेलं कारण, जे पडद्याच्या आत आहे. एलसीडीत प्रत्येक पिक्सेलपाशी द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो. विजेचा दाब बदलला की स्फटिक वळतात आणि मागच्या दिव्याचा, म्हणजे बॅकलाइटचा, कमी-जास्त प्रकाश पुढे सोडतात. या वळण्याला वेळ लागतो. तो फ्रेमच्या वाट्यापेक्षा जास्त असेल, तर नवी फ्रेम आली तरी जुनीची सावली मागे रेंगाळते. तिला घोस्टिंग म्हणतात. २४० हर्ट्झवर फ्रेमला ४.२ मिलिसेकंद मिळतात. पिक्सेलला बदलायला ७ लागत असतील, तर तो कधीच वेळेवर पोचणार नाही.

पॅनेलच्या जातीनुसार ही चाल बदलते. टीएन पॅनेल रंगांत कमी पडतं पण चपळ असतं. आयपीएसचे रंग चांगले आणि आता वेगही चांगला आहे. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, मात्र काळ्यावरून करड्यावर येताना त्यातले बरेच पॅनेल अडखळतात, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यात काळपट ओघळ दिसतात. ओएलईडीत द्रवस्फटिक नसतात, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि एका मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात बदलतो.

म्हणजे ओएलईडीवर फराटा नसेल? असतो. ६० हर्ट्झच्या ओएलईडीवर पिक्सेल क्षणात बदलला तरी पुढचे १६.७ मिलिसेकंद तो तसाच उजळ राहतो. शिक्का झटकन टेकला खरा, पण उचलला कुठे? वरच्या उदाहरणातला १६ पिक्सेलचा फराटा तसाच राहतो. हे एक उदाहरण नीट समजलं की दोन्ही कारणं कायमची वेगळी होतात.

खोक्यावरच्या '१ मिलिसेकंद'चा उलगडाही इथेच होतो. तिथे दोन वेगवेगळी मापं छापली जातात. एक माप जीटीजी, म्हणजे पिक्सेलला एका करड्या छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ. हा वेळ बदलाचा पहिला आणि शेवटचा दहावा भाग सोडून मोजण्याची प्रथा आहे आणि जाहिरातीत सगळ्यात वेगवान छटेचा आकडा येऊ शकतो. दुसरं माप एमपीआरटी. हे हलत्या चित्राच्या धूसरपणाशी जोडलेलं आहे, म्हणजे चित्र डोळ्यासमोर किती वेळ उजळ राहतं याच्याशी. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर '१ मिलिसेकंद एमपीआरटी' छापलं असेल, तर तो आकडा बॅकलाइट लुकलुकवण्याची सोय चालू केल्यावरचा असतो. साध्या वापरात तिथे ६.९ मिलिसेकंदांचंच राज्य चालतं.

पिक्सेलची चाल सुधारायला मॉनिटरमध्ये ओव्हरड्राइव्ह असतो. स्फटिकाला हव्या त्या छटेपर्यंत लवकर नेण्यासाठी त्याला थोडा वेळ गरजेपेक्षा जास्त दाब द्यायचा, अशी ती युक्ती. मेनूत हीच सोय 'रिस्पॉन्स टाइम', 'ट्रेस फ्री' अशा नावांनीही असते. तिचा जोर फार वाढवला की पिक्सेल हव्या त्या छटेच्या पलीकडे जातो आणि परत येतो. मग हलत्या वस्तूमागे पांढरट किंवा उलट्या रंगाची कड दिसते. म्हणून सगळ्यात वरची पायरी बहुधा वाईट आणि मधली बहुधा चांगली.

५. जुना काचेचा मॉनिटर कशात सरस होता

वजनदार, खोलगट सीआरटी मॉनिटरवर खेळलेले लोक सांगतात की त्यावरची हालचाल लखलखीत दिसायची. ही नुसती आठवणींची माया नाही. सीआरटीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ फिरायचा. झोत जिथे पडला तो ठिपका चमकायचा आणि साधारण एका मिलिसेकंदाच्या आसपास मावळायचा. पुढचा झोत येईपर्यंत ती जागा जवळजवळ काळीच. म्हणजे शिक्का टेकला आणि लगेच उचलला. डोळा सरकत राहिला तरी फरफटायला काही उरतच नसे. याचा तोटा म्हणजे लुकलुक. ६० हर्ट्झवर ती डोळ्यांना टोचायची, म्हणून लोक ७५ किंवा ८५ हर्ट्झ लावायचे.

एलसीडीत हा गुण परत आला तो आडवाटेने. २०११ साली एनव्हिडियाने त्रिमिती चष्म्यांसाठी लाइटबूस्ट नावाचं तंत्र आणलं. चष्म्याच्या डाव्या-उजव्या काचा आळीपाळीने उघडझाप करायच्या आणि पिक्सेल बदलत असताना दोन्ही डोळ्यांची चित्रं एकमेकांत मिसळायची. उपाय म्हणून बॅकलाइट पिक्सेल बदलताना बंद ठेवायचा आणि चित्र स्थिर झालं की एक जोरदार झोत द्यायचा, असं ठरलं. लवकरच खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की चष्मा न घालता, साध्या गेममध्ये हे तंत्र चालू केलं तर फराटा जवळजवळ नाहीसा होतो. ज्या कामासाठी ते आलं होतं ते मागे पडलं आणि हा उपयोग टिकला.

याच तंत्राला स्ट्रोबिंग म्हणतात. पुढे एनव्हिडियाने ते यूएलएमबी नावाने आणलं, झोवीच्या मॉनिटरमध्ये ते डायअ‍ॅक म्हणून येतं, असुसच्या मॉनिटरमध्ये ईएलएमबी म्हणून. ओएलईडीत मागचा दिवा नसतो, म्हणून तिथे दोन फ्रेमच्या मध्ये काळी फ्रेम घालतात. आभासी वास्तवाच्या चष्म्यांतही हाच विचार निर्णायक ठरला. डोकं वळवताना सगळं जग फरफटायला लागलं तर मळमळतं. म्हणून ऑक्युलसने जानेवारी २०१४ मध्ये दाखवलेल्या क्रिस्टल कोव्ह या नमुन्यात प्रत्येक फ्रेम अगदी थोडा वेळच उजळवली होती.

आपलं गणित इथे लावा. सेकंदाला ९६० पिक्सेलचा तोच वेग आणि झोत १ मिलिसेकंदाचा. फराटा एका पिक्सेलपेक्षा कमी. मॉनिटर १२० हर्ट्झचाच असला तरीही. हर्ट्झच्या जोरावर हीच स्वच्छता हवी असेल, तर १००० हर्ट्झचा मॉनिटर आणि सेकंदाला १००० फ्रेम बनवणारं कार्ड लागेल.

६. झोताची किंमत

इतकं चांगलं आहे तर सगळे मॉनिटर हेच का करत नाहीत? कारण त्याची किंमत चार ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत उजेडाची. १४४ हर्ट्झवर ६.९ पैकी फक्त १ मिलिसेकंद दिवा लागला, तर उजेड सातव्या भागावर येतो. ४०० निट्सचा पडदा ५८ निट्सवर. चांगले मॉनिटर झोताच्या क्षणी दिव्याला जास्त वीज देऊन हे थोडं भरून काढतात. काही मॉनिटरमध्ये झोताची लांबी कमी-जास्त करता येते. लांबी वाढवली की उजेड वाढतो आणि फराटाही वाढतो.

दुसरी किंमत लुकलुकीची. १०० हर्ट्झच्या खाली ती अनेकांना जाणवते, काहींना त्याच्या वरही डोकं दुखेपर्यंत त्रास होतो. मायग्रेन असणाऱ्यांनी किंवा लखलखाटाने फिट येणाऱ्यांनी स्ट्रोबिंगच्या वाटेला जाऊ नये.

तिसरी किंमत दुहेरी प्रतिमेची, आणि नवखे लोक इथेच फसतात. मॉनिटर १२० हर्ट्झवर झोत देतो आहे आणि कार्ड ६० फ्रेमच बनवतं आहे, असं समजा. प्रत्येक फ्रेमवर दोन झोत पडतील. दोन झोतांच्या मध्ये ८.३ मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात डोळा ८ पिक्सेल पुढे सरकलेला असतो. त्यामुळे एकाच सैनिकाच्या, ८ पिक्सेल अंतरावर, दोन आकृत्या दिसतात. चित्रपटगृहातल्या फिल्मच्या प्रोजेक्टरमध्येही हेच घडायचं. लुकलुक कमी व्हावी म्हणून सेकंदाला २४ चित्रांपैकी प्रत्येक चित्र दोन-तीनदा उजळवलं जायचं आणि कॅमेरा आडवा फिरला की कडा दुणावायच्या. स्ट्रोबिंगचा खरा लाभ हवा असेल, तर जितके हर्ट्झ तितक्या फ्रेम, एकही कमी नाही, हा नियम पाळावाच लागतो.

चौथी किंमत वर-खालच्या भुताची. पडद्यावर नवी फ्रेम वरून खाली, ओळीओळीने लिहिली जाते, पण दिवा सगळीकडे एकदम लागतो. मधल्या ओळी स्थिर झालेल्या असतात, तळाच्या ओळी अजून बदलत असतात. म्हणून मध्ये स्वच्छ आणि काठांना पुसट दुसरी प्रतिमा दिसते. याला क्रॉसटॉक म्हणतात. काही २४० हर्ट्झचे मॉनिटर १२० वर चालवले की हा दोष खूप कमी होतो. ते फ्रेम ४.२ मिलिसेकंदांत लिहून टाकतात आणि पिक्सेल स्थिरावायला तेवढाच वेळ राखून ठेवतात. २०२३ साली आलेल्या यूएलएमबी २ मध्ये पडद्याच्या उंचीनुसार ओव्हरड्राइव्हचा जोर बदलून याच दोषावर उपाय केला आहे.

आणखी एक अडचण आहे. जी-सिंक किंवा फ्रीसिंक चालू असताना मॉनिटर कार्डाच्या वेगाप्रमाणे आपला रिफ्रेश रेट बदलत राहतो. झोतांमधलं अंतर बदलत राहिलं तर उजेडही वर-खाली होतो. म्हणून बहुतेक मॉनिटरवर ही सोय आणि स्ट्रोबिंग एकत्र चालत नाहीत. दोन्ही जुळवण्याचे प्रयत्न झाले आहेत. असुसने २०१९ मध्ये ईएलएमबी सिंक आणलं आणि एनव्हिडियाने जानेवारी २०२४ मध्ये जी-सिंक पल्सर जाहीर केलं.

७. नजर कुठे आहे, तेही बघा

आतापर्यंत आपण डोळा वस्तूमागे जातो असं धरलं. पण निशाणेबाजीच्या गेममध्ये खेळाडूची नजर पुष्कळदा मधल्या क्रॉसहेअरवर रोवलेली असते आणि जग बाजूने वाहत असतं. डोळा सरकत नसेल तर फराटा वेगळ्या रूपात येतो. वस्तूच्या सुट्या सुट्या आकृत्यांची रांग दिसते. माऊसचा बाण काळ्या पडद्यावर जोरात गोल फिरवा. एक सलग रेघ न दिसता बरेच बाण दिसतील.

ही रांग स्ट्रोबिंगने जात नाही, उलट जास्त ठळक होते. तिच्यावर उपाय एकच, जास्त फ्रेम आणि जास्त हर्ट्झ. तेव्हा ज्याची नजर पळत्या शत्रूमागे जाते, त्याला स्ट्रोबिंगचा मोठा फायदा. ज्याची नजर मध्यावर खिळलेली असते, त्याला उच्च रिफ्रेश रेटचा. दोन अनुभवी खेळाडू एकाच मॉनिटरबद्दल परस्परविरोधी सांगतात, त्यामागे बरेचदा हेच असतं.

८. घरच्या मॉनिटरवर काय करायचं

फुकटची कामं आधी. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर नकळत ६० वर चालत राहणं ही फार सर्रास आढळणारी गोष्ट आहे. केबल आणि जोडणीची जागाही बघा. जुन्या पिढीची एचडीएमआय जोडणी जास्त हर्ट्झना कमी पडू शकते, तिथे डिस्प्लेपोर्ट वापरा. मग गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमधला 'मोशन ब्लर' बंद करा. तो सिनेमासारखं वाटावं म्हणून गेमने मुद्दाम घातलेला धूसरपणा असतो.

त्यानंतर ओव्हरड्राइव्ह. 'टेस्ट यूएफओ' नावाची मोफत चाचणी ब्राउझरमध्ये चालते. तिच्यातल्या सरकत्या यानामागे गडद सावली दिसली तर जोर एक पायरी वाढवा, पांढरट कड दिसली तर एक पायरी उतरवा. मॉनिटर अर्धा तास चालू राहिल्यावर ही चाचणी घ्या, कारण द्रवस्फटिक थंड असताना हळू वळतात.

मग फ्रेम. छाया, प्रतिबिंबं, धूर अशा जड गोष्टी कमी करून फ्रेमची संख्या हर्ट्झच्या वर स्थिर ठेवता येते का ते पाहा. कार्डाने मधल्या फ्रेम स्वतः रचून भरण्याचं तंत्र, म्हणजे फ्रेम जनरेशन, डोळ्यांना दिसणारा फराटा कमी करतं. पण माऊस हलवणं आणि चित्र हलणं यांतला विलंब त्याने कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ते उपयोगी, चुरशीच्या सामन्यात नाही.

हे सगळं झाल्यावर स्ट्रोबिंग. फ्रेम स्थिर असतील तरच ते चालू करा. हर्ट्झ अशा पायरीवर ठेवा की तेवढ्या फ्रेम कार्ड कधीच चुकवणार नाही. २४० वर धापा टाकणाऱ्या कार्डासाठी १२० हर्ट्झ अधिक स्ट्रोबिंग ही जोडी अनेकदा सरस ठरते. पंधरा मिनिटांत डोळे शिणले, तर ते तुमच्यासाठी नाही असं समजा आणि निःशंकपणे बंद करा.

आणि नवा मॉनिटर घ्यायचाच असेल, तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापाशी थांबू नका. तुमच्या आवडत्या गेममध्ये तुमचं कार्ड खरोखर किती फ्रेम देतं, ते आधी मोजा. ते १५० देत असेल तर ३६० हर्ट्झच्या पॅनेलवर घातलेला जादा पैसा फराटा कमी करणार नाही. तोच पैसा चांगल्या ओव्हरड्राइव्हच्या, नीट जमवलेल्या स्ट्रोबिंगच्या पॅनेलवर किंवा कार्डावर घाला. मॉनिटर, कार्ड आणि तुमची नजर या तिघांत जो सगळ्यात मागे आहे, त्याच्यावर खर्च केलेला रुपयाच पडद्यावर दिसतो.